सालईटोल्याचं जास्तीचं माणूस

"सालईटोल्यात एक माणूस जास्त भरतंय," बोधनकर सर फोनवर म्हणाले.

यामिनी खानझोडे शाळेच्या ओसरीत चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली होती. समोर तलाव असायला हवा होता, पण धुक्यानं तो पुसून टाकला होता. पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरच्या, मोहाच्या झाडांचे नुसते शेंडे तरंगत होते. कुठून तरी सारसाच्या जोडीची हाक आली आणि मग सगळं पुन्हा कापसात गुंडाळल्यासारखं शांत झालं.

"माझ्याकडे जास्त की यंत्राकडे?"

"यंत्राकडे. तुझी बाकी सगळी माणसं जुळली, पाळण्यातली बाळंसुद्धा. एक बाई मात्र तिकडे आहे आणि तुझ्याकडे नाही."

"नाव?"

"रोशनी मारबते. मागच्या परीक्षणात त्या पावलांना हे नाव जोडलं होतं. मध्ये बराच काळ पावलं बंद होती, मग पुन्हा सुरू झाली. यंत्रानं धरलं की बाई बाहेरगावी गेली होती, परत आली. रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून चालते."

यामिनीनं ग्लास खाली ठेवला. मारबत्यांच्या घरी ती जाऊन आली होती. गावाच्या टोकाला, जिथं रस्ता संपून चिखल सुरू होतो, तिथलं शेवटचं घर. फुलवंता मारबते नावाची साठीतली बाई दारात शिंगाडे सोलत बसली होती. भिंतीवर एका तरुण मुलीचा फोटो होता, त्याला हार घातलेला. घरात कोण कोण असतं, असं विचारल्यावर फुलवंताबाईनं आधी फोटोकडे पाहिलं आणि म्हटलं, "पोरगी होती जी माही. काविळीनं गेली."

"सर," यामिनी म्हणाली, "रोशनी मारबते वारली आहे."



"मग पाळीवर चालतंय कोण?"

यामिनीचं कामच हे होतं. देशाची माणसं आता यंत्र मोजत असे, आणि यंत्रानं नीट मोजलंय का, हे पाहायला एक स्वतंत्र परीक्षण मंडळ होतं. मंडळ मधूनच एखादं गाव, एखादी गल्ली निवडायचं. परीक्षकानं तिथं जायचं आणि जुन्या पद्धतीनं, दारोदार फिरून माणसं मोजायची. यंत्राचा आकडा त्याला आधी सांगायचा नाही, हा पहिला नियम. माहीत असलेल्या आकड्याकडे मन आपोआप झुकतं. दोन्ही गणना झाल्यावर त्या शेजारी ठेवायच्या आणि एकेक माणूस जुळवायचा. कोण सुटलं, कोण दोनदा आलं आणि कोण नसताना आलं, ते त्यातून कळे.

यंत्र मोजायचं ते पावलांवरून. रस्त्याकडेला इंटरनेटसाठी पुरलेली काचतंतूंची केबल आता गावोगाव पोचली होती. त्या तंतूत लेसरचा छोटासा झोत सोडला, की त्यातला कणभर प्रकाश वाटेत जागोजागी उलटा फिरून येतो. वर जमीन थरथरली, की तंतू नजरेला कळणारही नाही इतका ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. म्हणजे मातीखालची ती केबल हाताहातावर एकेक कान असल्यासारखी ऐकत असते. आधी शास्त्रज्ञ तिच्यावरून भूकंप ऐकत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की तिच्यावर माणसांची चालही उमटते. टाच कशी पडते, वजन कुठल्या पायावर जास्त जातं, दोन पावलांमध्ये किती उसंत असते, हे प्रत्येकाचं वेगळं. अंगठ्याच्या ठशासारखं, फक्त हा ठसा जमिनीच्या आत उमटतो. न चालणारी माणसंही यंत्राला कळत. बाळ कडेवर घेतलेली आई वेगळी चालते. अंथरुणावरच्या माणसाला उठवून बसवणाऱ्याची पावलं ठरावीक जागी जड होतात.

त्यामुळे दारावर येऊन प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. गणना बारमाही झाली, पाऊसपाण्याच्या मोजणीसारखी. आणि तिच्यातूनच पुढं शोधसेवा निघाली. घरातलं कुणी हरवलं तर कुटुंबानं अर्ज करायचा. यंत्र जुन्या पावलांवरून सांगायचं, की ती पावलं आत्ता कुठं चालतायत.

यामिनीला या सेवेबद्दल मनातून माया होती. तिचे बाबा भूगोलाचे शिक्षक. जन्मभर मुलांकडून नकाशे भरून घेतले, आणि म्हातारपणी स्वतःच्या गल्लीतून घरी यायची वाट विसरायला लागले. एकदा नागपूरच्या घरातून ते निघून गेले, तेव्हा यंत्रानं त्यांना संध्याकाळच्या आत कामठीच्या एका मंगल कार्यालयात शोधून दिलं होतं. अनोळखी लग्नात ते पंगतीत बसून शांतपणे जेवत होते. त्या दिवसापासून आईनं दाराला आतून कुलूप घालणं सोडलं होतं. "जाऊ दे त्यांना फिरायला," ती म्हणायची, "जमीन आहे की लक्ष ठेवायला."

यामिनी पुन्हा गावात शिरली.

तलावावर बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शिंगाड्याचे वेल उलटे करत होत्या. पाण्यात डोंगे सोडलेले होते, खोडातून कोरलेल्या लांबट, काळ्या होड्या. धुक्यात अर्धे दिसत आणि अर्धे नाही. यामिनीनं काठावरून विचारलं, "रोशनी मारबते कधी वारली हो?"

वेल उलटणारे हात थांबले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"काहून जी?" त्यातली एक म्हणाली. "मेलेल्याले कायले मोजता?"

"मेलेल्यांना नाही मोजत. ती चालते म्हणून विचारते."

मग सगळ्यांत म्हातारी बाई पाण्यातूनच म्हणाली, "चालत असन. तलाव जुना हाये. इथी लय जण चालतात." आणि ती पुन्हा वाकून कामाला लागली.

फुलवंताबाईचं दार उघडं होतं. चुलीवर शिंगाडे उकडत होते आणि घरभर त्यांचा मातकट गोड वास होता. यामिनी उंबऱ्यातच थांबली.

"फुलवंताबाई, यंत्र म्हणतं रोशनी रोज पाळीवरून जाते."

फुलवंताबाईनं चुलीतलं लाकूड थोडं आत सारलं. "यंत्र म्हणते तर म्हणू द्या जी."

"मी परवा विचारलं तेव्हा तुम्ही पोरगी गेली म्हणालात. घरात दुसरं कुणी नाही, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. मीच ते धरून चालले."

"हो ना. तुमी पुढचं इचारलंच नाई."

म्हातारीच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. उलट, इतके दिवस कुणी विचारेल म्हणून थांबून राहिलेला थकवा होता.

"उद्या सकाळी पाळीवर या," ती म्हणाली. "एकट्या या. अन् आधी पाहा, मंग बोला."

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट होतं. यामिनी पाळीवर मोहाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली. हातात टॅब होता. वादातली पावलं जागेवर पाहायची परवानगी परीक्षकाला असे. पडद्यावर पाळीची रेघ होती आणि तिच्यावर काही नव्हतं. पाण्यात बदकं हळूच काही कुजबुजल्यासारखी हालत होती. उजेड होता, पण तो कुठून येत होता ते कळत नव्हतं.

मग रेघेच्या टोकाला एक ठिपका उमटला. एक पाऊल, थोडी उसंत, दुसरं पाऊल. डावं किंचित तिरपं पडणारं. ठिपक्याखाली नाव आलं : रोशनी मारबते.

यामिनीनं पडद्यावरून नजर उचलली. धुक्यातून एक बाई येत होती, डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला लावलेला. तिच्या मागं काही अंतर राखून फुलवंताबाई चालत होती, मान खाली घालून. पुढच्या बाईची टाच ज्या ओल्या मातीत उमटे, तिथंच नजर ठेवून. दोघी बोलत नव्हत्या. पुढची बाई पाळीच्या शेवटच्या वळणावर आली आणि तिची पावलं एकदम झपाझप पडायला लागली, घर जवळ आल्यावर एखादी मुलगी उगाचच घाई करते तशी.

यामिनीसमोर येऊन ती थांबली. टोपली उतरवली. तिशीची, हाडकुळी, भुवईवर जुना व्रण असलेली. भिंतीवरच्या फोटोतल्या मुलीशी तिचं काहीएक साम्य नव्हतं.

टोपलीत शिंगाडे नव्हते. तलावातला ओला गाळ होता.

"रोशनी भरल्या अंगाची होती," फुलवंताबाई मागून म्हणाली. "हिच्या अंगावर मासच नाई. म्हणून तेवढं वजन डोक्यावर."

तिघी पाळीच्या उतरणीवर बसल्या, पाय पाण्याकडे सोडून. त्या बाईनं सांगितलं ते थोडंसंच, आणि तेही पाण्याकडे बघत.

नवऱ्याचं घर ती दोनदा सोडून गेली होती. पहिल्यांदा मावशीकडे. दुसऱ्यांदा दूरच्या शहरातल्या एका आश्रयघरात, जिथं तिनं नाव बदललं होतं, केस कापले होते. दोन्ही वेळा नवऱ्यानं शोधसेवेकडे अर्ज केला. बायको हरवली, मन थाऱ्यावर नाही, काळजी वाटते. कुटुंबाचा अर्ज होता, खोटं काही नव्हतं. दोन्ही वेळा तो दारात येऊन उभा राहिला.

"नाव बदललं, पण चाल कशी बदलणार?" ती म्हणाली. "तिसऱ्यांदा निघाले तेव्हा एसटीत कुणीतरी बोलताना ऐकलं, की पाण्यात पाऊल ऐकू येत नाही. हा तलाव दिसला. खाली उतरले आणि सरळ पाण्यात शिरले. पुढं काय, ते ठरवलंच नव्हतं."

"वेलात उभी होती," फुलवंताबाई म्हणाली. "कमरेइतक्या पाण्यात. मले वाटलं जीव देऊन रायली. मी डोंगा नेला जवळ. तर म्हणते, मावशी, मले जमिनीवर नका नेऊ."

त्यानंतर बरेच महिने ती पाण्यावर राहिली. दिवसभर डोंग्यात, नाही तर चिखलात, जिथं केबलचा कान पोचत नाही. झोपायला फुलवंताबाईच्या घरी, तेही मागच्या बाजूनं, दलदलीतून. सगळ्या गावाला माहीत होतं. कुणी तिला नाव विचारलं नाही. बायका तिला आपल्या डोंग्यात घेत, आणि रस्त्यावरून कुणी परका आला की तिच्याभोवती वेल उलटायला लागत.

"पण मानूस किती दिवस पाण्यात राहीन जी?" फुलवंताबाई म्हणाली. "बजार हाये, दवाखाना हाये. मंग माह्या मनात आलं. माही रोशनी अन् मी जन्मभर या पाळीवरून गेलो. वाट अरुंद. ते पुढं, मी मागं. लहानपणी चिंचेवरून पडली तवापासून डावा पाय जरा फेकायची. मी मागून पाहत जाओ. दुसरं काय होतं पाहायले? म्हटलं, मले येते तिचं चालनं. हिले शिकवू."

शिकवणं सोपं नव्हतं. आधी चिखलात, मग घरात सारवलेल्या जमिनीवर. फुलवंताबाई पुढं चालून दाखवायची, मग मागून बघायची. चूक झाली की "नाई, अशी नाई" म्हणायची. का नाही, ते तिला सांगता येत नसे. ती बाई पुन्हा चालायची. एका दुपारी फुलवंताबाई आत भाकरी थापत होती आणि बाहेरून पावलं आली. तिनं मान न वळवता हाक मारली, "रोशनी, दार लोट वं, धूर होते."

"मंग ध्यानात आलं," फुलवंताबाई म्हणाली. "तशीच पिठात हात ठेवून बसली मी."

"आणि तुम्ही काय केलंत?" यामिनीनं त्या बाईला विचारलं.

"दार लोटलं," ती म्हणाली.

धुकं आता पाण्यापासून सुटून हळूहळू वर चाललं होतं. खालून तलाव थोडा थोडा दिसायला लागला होता, आधी वेलांची हिरवी कडा, मग मधलं काळं पाणी.

"तुमची स्वतःची चाल?"

ती बाई जरा हसली. "जमिनीवर आता आठवत नाही. मध्ये एकदा चालून पाहिलं, जमलं नाही. पाण्यात मात्र मी माझीच चालते."

यामिनीनं विचारलं, "तुमचं नाव काय?"

"मोजायला नाव लागतं का, ताई?"

तिनं ते खोचून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

"मी खोटं लिहिणार नाही," यामिनी म्हणाली.

"नका लिहू जी," फुलवंताबाई म्हणाली. "पण खरं तरी किती लिहिसान?"

शाळेच्या ओसरीत यामिनी उन्हं वर येईपर्यंत बसून राहिली. यंत्र चुकलं असं लिहिलं, तर तंत्रज्ञ येणार. ती पावलं सोलून बघणार, खालून दुसरी चाल निघणार, आणि त्या चालीसाठी एक अर्ज कुठंतरी वाट बघत पडलेला आहे. रोशनी जिवंत आहे असं लिहिलं, तर ते धडधडीत खोटं, आणि त्या फोटोवरचा हारही खोटा. चाल उसनी घेता येते असं लिहिलं, तर यंत्राला उसनी चाल पकडायला शिकवतील. पुढं कुठल्या तलावात कोण उभं असेल, त्याला तेवढाही आसरा राहणार नाही.

तिनं बोधनकरांना फोन लावला.

"सर, यंत्राचा आकडा बरोबर आहे. माझी गणना एका माणसानं कमी होती. मारबत्यांच्या घरी एक बाई राहते. मी तिला पाहिलं, तिच्याशी बोलले."

"पण तू म्हणालीस रोशनी वारली."

"हो."

"मग ही कोण?"

"माणूस आहे. सर, आपण माणसं मोजतो. नाव जुळवणं ही आपली सोय आहे, ती गणना नाही. आणि मोजताना कळलेलं कुणालाही सांगायचं नाही, हा आपलाच नियम आहे. तुम्हालाही नाही."

बोधनकर जुने परीक्षक होते. सालईटोल्याच्या एका माणसामागं काय असू शकतं, हे त्यांनी मनात चाचपून पाहिलं असावं.

"अहवाल तुझा आहे," ते म्हणाले. "स्वतंत्र म्हणतात ना त्याला. लिही."

पण यामिनीचं तेवढ्यावर भागलं नाही. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात निवडलेल्या ज्या ज्या गावी ती गेली, तिथं ती शेवटी एक जास्तीचा प्रश्न विचारू लागली : इथं पावलं लपवणारं कुणी आहे का? नाव नको, नुसतं आहे की नाही ते सांगा. लोक आधी गप्प बसत. मग हळूच सांगत. एका गावात एक माणूस कायम बैलगाडीतून उतरतच नसे. एका शहरात पळून येऊन लग्न केलेलं जोडपं होतं. दोघं कुठंही जाताना मागचं पुढच्याच्या पावलावर अचूक पाऊल टाकून चालत, इतकं एकजीव, की यंत्र त्या दोघांना एकच माणूस धरत होतं. एक मुलगी बुटात वाळू भरून चालायची आणि दर महिन्याला वाळू बदलायची. यामिनी रात्री डोळे मिटून पडली की तिला ही सगळी माणसं एका लांबलचक पाळीवरून धुक्यातून चालताना दिसत, कुणी पाण्यात उतरत, कुणी एकमेकांत मिसळून जात.

अहवालात तिनं यांपैकी कुणाचंही गाव लिहिलं नाही. तिनं गणनेच्या गुणवत्तेबद्दल लिहिलं, कारण तेवढाच तिचा अधिकार होता. ज्या गणनेतून माणूस हुडकून काढता येतो, त्या गणनेपासून माणसं लपतात, आणि लपलेली माणसं कुठलंही यंत्र नीट मोजू शकत नाही. म्हणून शोधसेवा गणनेपासून तोडावी. ज्यानं आपल्याला शोधायला शुद्धीत असताना स्वतः परवानगी दिली आहे, त्यालाच शोधावं.

शेवटचं वाक्य लिहिल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. बाबांनी अशी परवानगी कधी दिली नव्हती. आता त्यांना विचारून उपयोग नव्हता. समोर कागद ठेवला तर ते त्यावर नदी काढत. तिनं ते वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं आणि अहवाल पाठवून दिला.

वाद झाले, समित्या बसल्या, वर्तमानपत्रांत बाजूनं आणि विरुद्ध लिहून आलं. शेवटी शोधसेवेला ती अट लागू झाली. नागपूरच्या घरी आईनं ती बातमी वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"हे तू लिहिलंस, यामू?"

"हो, आई."

"यांचा विचार आला नाही तुझ्या मनात?"

"आला."

"आणि तरी?"

यामिनीनं तिला तलावातल्या बाईबद्दल सांगितलं असतं, पण सांगायचं नाही हा नियम आईलाही लागू होता. आई उठली आणि दाराला आतून कुलूप घालून आली. त्यानंतर कितीतरी दिवस ती यामिनीशी कामापुरतंच बोलली. बाबा कुलपाशी जाऊन उभे राहत, ते हातात घेऊन बघत, आणि "बंदर गोठलंय वाटतं," असं काहीतरी म्हणून परत येत.

फाल्गुनातल्या एका दुपारी दूधवाल्याच्या मागून दार उघडं राहिलं आणि बाबा गेले.

शेजारपाजार धावला. रिक्षावाले, मंगल कार्यालयं, बसस्टँड, दवाखाने, सगळं झालं. यामिनीच्या पायाखाली ती केबल जागी होती. बाबांचं प्रत्येक पाऊल तिला ऐकू येत होतं, आणि ती काही सांगणार नव्हती. रस्त्याच्या कडेला उभं राहून यामिनीनं एकदा चप्पल काढून तळवा जमिनीला लावून पाहिला. नुसतीच तापलेली होती ती. आईनं तिला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

फोन दुसऱ्या दिवशी आला. उमरेडच्या वाटेवरच्या एका गावातून, एका बाईचा. तिच्या मोबाईलवर फिरत फिरत बाबांचा फोटो पोचला होता. "बरे हायेत जी," ती म्हणाली. "या आरामात. घाई नाई."

यामिनी आणि आई गेल्या, तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती. घर सापडायला वेळ लागला नाही. गच्चीवर जुनी धोतरं अंथरून गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पांढऱ्या, जाळीदार. त्यांच्या मधोमध पत्र्याच्या सावलीत बाबा पाटावर बसले होते. अंगात कुणाचा तरी धुतलेला सदरा होता. हातात लांब काठी होती आणि नजर आभाळाकडे.

"कालपासून राखून रायले," घरची बाई जिन्यात हलक्या आवाजात म्हणाली. "एक कावळा येऊ नाई देला. मी म्हटलं जेवून घ्या, तर ताट इथीच मागवलं."

"तुम्ही त्यांना विचारलं नाहीत, कोण, कुठले?" आईनं विचारलं.

"इचारलं ना. म्हनले, मंग सांगतो. म्हटलं बरं, मंग सांगा. जेवाले बसले तर एक मानूस काय जड होते का?"

आई जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मग हात मागं करून, न बघता, तिनं यामिनीचं मनगट घट्ट धरलं. बऱ्याच महिन्यांत तिनं तसं धरलं नव्हतं.

थोड्या वेळानं यामिनीनं हात हळूच सोडवला आणि ती कुरडयांमधून पाय जपत बाबांपाशी गेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात ओळख नव्हती, पण पाहुणी आल्याचा आनंद होता.

"या, या. उन्हात उभ्या राहू नका," ते म्हणाले आणि पाटावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली. "तुम्ही कोणाकडच्या?"

यामिनी त्यांच्या शेजारी टेकली.

"इथलीच," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि काठीचं दुसरं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं.